दुपारी जाणारं नेट

माझ्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे पाहायचं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे पाहायचं. मागे भिंत होती. भिंतीला टेकून एक लाकडी कपाट होतं आणि त्यात जुने की-बोर्ड, पंख्यांचे सांगाडे कोंबलेले होते. तिथून कोणी साहेब निघतो का याची वाट पाहून झाली की विचारणा व्हायची, "साहेब जेवाले गेले का?" मी म्हणायचे, "साहेब नाईत. मी हाये. काय झालं ते सांगा."

वर्ध्यात वीस-बावीस वर्षं मी हे ऐकलं. पंचाण्णव-शहाण्णवला नागपुरात कोर्स करून आले तेव्हा गावात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ते उघडणारी बाई एकच होती. माझा नवरा शाळेत मास्तर. स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला की सैल होतो हेही त्याला आजवर खात्रीनं सांगता येत नाही. तरी लोक बाजारात त्यालाच गाठायचे आणि हार्ड डिस्कबद्दल सल्ला विचारायचे. तो बिचारा घरी येऊन मला विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी माझं उत्तर त्यांना नेऊन द्यायचा. ते उत्तर मग लोकांना पटायचं.

या अंकासाठी लिहा म्हणून सांगताना संपादकांनी बजावलं होतं की पुरुषांच्या धंद्यात उभी राहिलेली बाई असा लेख हवा आणि तो प्रेरणादायी हवा. मी तसा लिहायला बसले, दोन पानं झाली आणि मला स्वतःचाच कंटाळा आला. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, मी त्यांना दाखवून दिलं, टाळ्या. हे सगळं खरंच आहे. पण माझ्या हातून एक असं काम झालं की ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही. तेव्हा प्रेरणा ज्यांना हवी त्यांनी पान उलटावं.

आधी थोडं धंद्याबद्दल सांगते. लॅपटॉपचा पडदा फुटला तर तो दिसतो. चार्जर जळला तर वास येतो. पण "नेट येते अन् जाते" ही तक्रार घेऊन कोणी आलं की माझ्या कपाळावर आठी पडायची. हे दुखणं दाताच्या दुखण्यासारखं असतं, डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की थांबतं. टेलिफोनच्या तारेतून घरात आलेलं नेट राउटर नावाची छोटी डबी हवेत सोडते. त्या लहरी रेडिओच्याच जातीच्या. लॅपटॉपच्या पोटात काड्यापेटीएवढं एक कार्ड असतं, त्याच्या दोन बारीक तारा पडद्याच्या कडेनं वर नेलेल्या असतात आणि त्या या लहरी पकडतात. सगळा कारभार एवढाच. डबी आणि लॅपटॉप यांच्यामध्ये काय आहे, यावर नव्वद टक्के भांडण.

एक विमा एजंट तीनदा आले होते. घरी नेट चालायचं, गिऱ्हाइकाकडे गेलं की बंद. त्या काळच्या लॅपटॉपना पुढच्या कडेला नखाएवढा एक खटका असायचा, तो सरकला की वायरलेस बंद. हे गृहस्थ लॅपटॉप पिशवीत कोंबताना तो खटका दरवेळी सरकवत होते. तिसऱ्यांदा मी त्यावर चिकटपट्टी लावून दिली आणि माणूस खूश होऊन गेला. हिंगणघाटकडचे एक कापसाचे व्यापारी त्याहून वरचढ. त्यांनी चोरीच्या भीतीनं राउटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. किल्ली कमरेला. मी म्हटलं, "काकाजी, लहर लोखंडातून बाहीर येत नाई." तर म्हणाले, "मंग कपाटाले भोक पाडू का?" आणि त्यांनी खरोखर पाडलं.

माझी एक पद्धत होती. काम झालं की मी चिठ्ठी लिहून द्यायचे. काय तपासलं, काय सापडलं, काय केलं, खाली सही आणि दुकानाचा शिक्का. ही पद्धत मी हौसेनं काढलेली नव्हती. बाईच्या तोंडच्या शब्दाला कोणी किंमत देत नाही पण कागदाला देतं, हे पहिल्या सहा महिन्यांत कळलं होतं. तेच वाक्य शिक्क्याखाली आलं की लोक मान डोलवायचे. माझ्या चिठ्ठीचा मला फार अभिमान होता.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला प्रणिता माझ्याकडे आली. पंचवीस-सव्वीसची असेल. सासर मूळ अल्लीपूरचं, शेतीचं घर. सासऱ्यांनी वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला जागा घेऊन घर बांधलं होतं आणि शेती ठेक्यानं देऊन ते तिथं राहायला आले होते. सासू वारलेली. नवऱ्याचं जामच्या चौफुलीवर टायरचं दुकान, तो सकाळी आठला जायचा आणि दिवा लागल्यावर यायचा. प्रणितानं लग्नाआधी नागपुरात एक शिक्षण घेतलं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे तोंडी सांगतात, त्याचं रेकॉर्डिंग नेटवरून आपल्याकडे येतं आणि इथल्या मुली ते ऐकून टाइप करून परत पाठवतात. कानाला हेडफोन, आणि पायाखाली शिवणयंत्रासारखं पायडल, आवाज थांबवायला आणि मागे न्यायला. नागपूरच्या एका कंपनीनं तिला घरून हे काम करायला घेतलं होतं, तीन महिन्यांच्या परीक्षेवर. फाइल सकाळी यायची आणि संध्याकाळी पाचच्या आत परत गेली पाहिजे, ही अट.

फेब्रुवारीत मी तिच्या घरी राउटर बसवला. टेलिफोन हॉलमध्ये होता आणि तो तिथून हलणार नाही असं सासऱ्यांनी, म्हणजे नामदेवरावांनी, मला दारातच सांगितलं. प्रणिताची खोली मागे होती, मधलं अंगण ओलांडून. भिंती पंधरा इंची विटांच्या. पण हॉलला अंगणाकडे उघडणारी मोठी खिडकी होती आणि तिच्या बरोबर समोर मागच्या खोलीचं दार. लहर त्या खिडकीतून सरळ जात होती. मागच्या खोलीत लॅपटॉपवर सिग्नलच्या पाचच्या पाच दांड्या आल्या. प्रणितानं विचारलं होतं की तारच टाकायची का, म्हणजे भरवशाचं होईल. मीच म्हटलं, तारांचे दिवस गेले. नव्या वस्तूचा मला तेव्हा मोठा तोरा होता.

एप्रिलच्या मध्यावर तिचा फोन आला की नेट जातं आहे. मी गेले. तासभर बसले. दांड्या पाच. मी उठून आले. आठवड्यानं परत फोन. या वेळी मी लॅपटॉप दुकानात आणला आणि शनिवार-रविवार, तिच्या सुटीचे दोन दिवस, चालू ठेवून पाहिला. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप ते कार्ड मधूनमधून झोपवतो, ती सोय मी बंद केली आणि रोग सापडला असं स्वतःला सांगितलं. तिला विचारलं तर म्हणाली दुपारीच जातं, गरमीनं होत असेल का. मी हसले. गरमीनं व्हायचं तर अख्ख्या वर्ध्याचं नेट बंद पडायला हवं, असं काहीतरी बोलले.

मेच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा बोलावणं आलं. परत दांड्या पाच. मी राउटरचं चॅनल बदललं, म्हणजे रेडिओचं स्टेशन बदलावं तसं, आणि सामान आवरायला लागले. नामदेवराव हॉलमध्ये दिवाणावर बसले होते. त्यांनी विचारलं, "बाई, मशीनीत काई खराबी हाये का?"

"नाई काकाजी. मशीन एकदम ठणठणीत हाये. राउटरबी."

"लिवून द्या मंग."

मी लिहून दिलं. लॅपटॉप तपासला, राउटर तपासला, दोष आढळला नाही. सही, शिक्का. त्यांनी कागदाची चौघडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. प्रणिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोक्यावर पदर. मी तिच्याकडे पाहिलं पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला वाटलं, मशीन चांगलं निघाल्याचा तिला आनंद व्हायला हवा होता.

इथे परगावच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते चार गाव बंद असतं. दुकानाचं शटर अर्धं खाली येतं. लग्नाचा मुहूर्त सोडला तर त्या वेळात कोणी कोणाकडे जात नाही, पोस्टमनसुद्धा बाराच्या आत मोकळा होतो. पारा सेहेचाळीसवर गेला की बाहेर पडणं हा मूर्खपणा समजतात आणि तो असतोही. मी घरी जाऊन करायची सगळी कामं उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत उरकायचे. वर्षानुवर्षांची सवय, त्यात काही चुकतं आहे असं मनातही येत नव्हतं.

त्या चिठ्ठीनंतर पाच-सहा दिवसांनी, दुपारी एकच्या सुमारास, मी शटर अर्धं ओढून आत डबा खात होते. खालून वाकून कोणीतरी आत आलं. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, वर गॉगल. स्कार्फ सोडला तेव्हा ती प्रणिता होती. चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता. मी पाणी दिलं. तिनं ते बाजूला ठेवलं.

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. दोन फाइली उशिरा गेल्या होत्या. दोन्ही वेळा टाइप करून वेळेत तयार होत्या, पण पाठवताना अर्ध्यात नेट तुटलं. कंपनीनं कळवलं होतं की आणखी एक फाइल उशिरा गेली तर काम बंद. तिनं कारण सांगितलं तर सुपरवायझर म्हणाली, तुमच्या इंजिनिअरकडून लिहून आणा. आणि इंजिनिअरनं, म्हणजे मी, काय लिहिलं होतं ते सासऱ्यांच्या डबीत होतं. घरात त्या कागदाचा अर्थ असा लागला होता की सून दुपारी झोपते आणि खापर नेटवर फोडते. नवरा म्हणाला, बाबूजींना दुखवू नको, सोडून दे काम. आजच्या फाइली सकाळी आल्या होत्या आणि त्यातली एक पाठवताना अर्ध्यात अडकली होती. त्या पाचच्या आत गेल्या नाहीत तर उद्यापासून मागची खोली नुसती झोपायची खोली होणार होती.

मी म्हटलं, मी तीनदा येऊन पाहून गेले, मला काहीच सापडलं नाही. उद्या सकाळी परत येते.

"ताई, तुमी तीनदा आल्या. तिन्ही डाव सकाळी आल्या. माझं नेट दुपारी जाते. तुमी दुपारी काऊन नाई येत?"

"अवं, या उन्हात कोण येते?"

"मी आली ना."

मी खाली डब्याकडे पाहिलं. तेव्हा ती म्हणाली, आवाज न चढवता, "राउटर बसवला त्या दिवशी तुमी सांगतलं होतं मले, लोकं तुमच्या मांगं माणूस पाह्यते म्हणून. मले लय राग आला होता त्या लोकांचा. मंग तुमीबी माझ्यासंग तेच केलं. मी सांगून राह्यली होती ना दुपारी जाते म्हणून."

डबा तसाच राहिला. माझ्या आयुष्यात मला अनेकांनी अनेक गोष्टी सुनावल्या, बहुतेकांना मी जागच्या जागी परत केल्या. हिला परत करायला माझ्याजवळ काही नव्हतं. मला लाज वाटली, साधी, सरळ, तोंड लपवावं अशी लाज. मी डोक्याला पांढरा दुपट्टा बांधला, शटर पूर्ण खाली ओढलं आणि तिच्या गाडीच्या मागे माझी गाडी घातली. डांबर चाकाखाली मऊ लागत होतं. रस्त्यावर आम्ही दोघीच.

दोनच्या आधी आम्ही पोचलो. मागच्या दारानं अंगणात शिरले आणि मला ते दिसलं. खोटं कशाला सांगू, खरं तर आधी ऐकू आलं.

हॉलच्या त्या मोठ्या खिडकीत कुलर बसवलेला होता. सकाळी तीनदा मी त्याच्या बाजूनं गेले होते. पत्र्याचा, माणसाच्या उंचीचा, लोखंडी स्टँडवर उभा, तोंड हॉलमध्ये आणि पाठ अंगणात. सकाळी तो बंद असायचा आणि त्याच्या वाळ्याच्या ताट्या रात्रभराच्या वाऱ्यानं खडखडीत वाळलेल्या असायच्या. नामदेवराव रात्री गच्चीवर झोपायचे आणि कुलर लावायचे ते दुपारी बाराला, टाकी भरून. आता तो गरजत होता आणि तिन्ही बाजूंच्या ताट्यांवरून पाणी ओघळत होतं.

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न गरम होतं ते कसं, हे आमच्या कोर्समध्ये पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. त्या लहरी अन्नातल्या पाण्यात शिरतात आणि तिथंच संपतात. वायरलेसच्या लहरी त्यांच्याच भाऊबंद, फक्त अगदी दुबळ्या. वाळलेल्या ताटीतून त्या पार होतात. ओल्या ताटीतून होत नाहीत, आणि उरल्यासुरल्या पत्रा परत फिरवतो. मला हे ठाऊक होतं, परीक्षेत लिहून मी त्याचे मार्क मिळवले होते. फेब्रुवारीत त्या खिडकीत काहीच नव्हतं. एप्रिलपासून दर दुपारी तिथं पाण्याची भिंत उभी राहत होती आणि मी दर सकाळी येऊन तपासत होते की भिंत नाही.

मी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. एक दांडी, मग तीही गेली. पडद्यावर अर्धी गेलेली फाइल अडकून पडली होती. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.

"लाव हात," मी प्रणिताला म्हटलं.

टाकी भरलेला कुलर ओढणं सोपं नसतं. स्टँडला चाकं होती, दोन फिरत होती आणि दोन गंजलेली. आम्ही दोघींनी खांदा लावून तो खिडकीपासून हातभर, मग दोन हात बाजूला सारला. पाणी आमच्या पायांवर हिंदकळलं. खोलीत जाऊन पाहिलं. चार दांड्या. अडकलेली फाइल पुढे सरकायला लागली. प्रणिता पदर कमरेला खोचून खुर्चीत बसली आणि हेडफोन चढवले, कारण त्या दिवसाची आणखी दोन रेकॉर्डिंगं टाइप व्हायची बाकी होती.

वीसेक मिनिटांत नामदेवराव स्वयंपाकघरातून अंगणात आले. बनियन घामानं चिकटलेलं, झोपेतून उठलेले. कुलर कोणी काढला हे विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मी काढला. का काढला तेही सांगितलं, पाणी, पत्रा, लहर, सगळं. त्यांनी ते ऐकून घेतलं, चष्म्याची डबी उघडली आणि कागद माझ्यासमोर धरला.

"हे तुमीच लिवलं ना? खराबी नाई म्हणून?"

"मीच लिवलं."

"मंग तवा खोटं लिवलं का आता खोटं बोलून राह्यल्या?"

धंद्यात एक अलिखित नियम असतो. चूक झाली तर मशीनवर ढकलायची, कंपनीवर ढकलायची, लाइट कमी-जास्त होण्यावर ढकलायची, स्वतःवर कधी घ्यायची नाही. बाईनं तर कधीच नाही. एकदा कबूल केलं की लोक तेच वाक्य वर्षानुवर्षं चघळतात. आणि नामदेवराव साधे गृहस्थ नव्हते. अल्लीपूरच्या निम्म्या घरांत त्यांचा शब्द चालायचा आणि त्यातल्या बऱ्याच घरांचे कॉम्प्युटर माझ्याकडे यायचे. हे सगळं मला त्या क्षणी व्यवस्थित आठवलं.

मी त्यांच्या हातातला कागद घेतला, भिंतीवर धरला आणि माझ्याच सहीखाली लिहिलं: दोष होता. तपासणारीला दिसला नाही. घरच्या सुनेनं सांगितलं ते बरोबर होतं. पुन्हा सही केली आणि कागद त्यांना परत दिला.

"तवा खोटं लिवलं, काकाजी. ते तुमी कोणालेबी दाखवा."

त्यांनी ते कोणालाही दाखवलं, अगदी अक्षरशः. पुढच्या वर्षभरात अल्लीपूरची पाच-सहा घरं माझ्याकडून गेली. त्या बाईला स्वतःलाच दिसत नाही, ती स्वतःच लिहून देते, असं तिकडे बोललं जायचं म्हणे. बोलू देत. वीस वर्षांत मी हजारो चिठ्ठ्या लिहिल्या असतील, त्यातली ही एक मी फ्रेम करून लावायला तयार आहे.

पण ते नंतरचं झालं. तेव्हा अंगणात नामदेवरावांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "ते तुमचं तुमी पाहा. माझा कुलर लावा आंधी."

मी म्हटलं पाचपर्यंत थांबा, उद्या मी तार आणते, भिंतीला भोक न पाडता स्वयंपाकघरातून फिरवून नेते. ते म्हणाले त्यांच्या घरात त्यांनी उकाड्यात बसायचं आणि सुनेनं नोकरी करायची, हे त्यांनी कुठं ऐकलं नव्हतं. मी आणखी बोलायला तोंड उघडलं तोवर प्रणिता खोलीच्या दारात आली होती. हेडफोन गळ्यात.

"लावतो, मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली आणि कुलरला हात घातला.

मला तिचा राग आला. एवढ्या उन्हात मला ओढून आणलं, मला माझ्याच सहीखाली माझी चूक लिहायला लावली, आणि आता ही मान खाली घालून कुलर परत लावते आहे. पण मी हात लावला. आम्ही दोघींनी तो परत खिडकीत बसवला. नामदेवराव आत जाऊन दिवाणावर आडवे झाले. तीन वाजत आले होते.

प्रणिता खोलीत गेली. लॅपटॉप बंद न करता काखेत घेतला, दुसऱ्या हातात पायडल आणि तिच्या वायरी. अंगण ओलांडून, स्वयंपाकघरातून ती हॉलमध्ये गेली. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत. टेलिफोनच्या टेबलापाशी एक खुर्ची होती, पाहुण्यांची. राउटर त्याच टेबलावर. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, पायडल जमिनीवर सरकवलं आणि त्या खुर्चीत बसली.

हे वाचताना काहींना यात विशेष काही वाटणार नाही. ज्यांना वाटेल त्यांना मला काही सांगायची गरज नाही. तसल्या शेतकरी घरात सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. कोणी नियम सांगत नाही, कोणी पाटी लावत नाही, ती उभी राहते किंवा आत असते. राउटर हॉलमध्ये आणि लॅपटॉप अंगणापलीकडे, एवढ्या लांबवर मी लहर पाठवत बसले ती का? सगळ्यात सोपा उपाय, लॅपटॉप राउटरजवळ नेऊन बसणं, हा मला तीन महिन्यांत एकदाही सुचला नव्हता. परक्या घरी मी तासन् तास खुर्चीत बसायचे आणि घरची सून दारात उभी असायची, हेही माझ्या डोळ्यांना खटकलं नव्हतं. पुरुषांच्या धंद्यातली बाई म्हणे.

नामदेवराव उठून बसले. "सुनबाई," ते म्हणाले, "तिथं कुठं बसली?"

"फाइल जाऊन राह्यली, मामाजी. पाच वाजेलोक बसतो." आणि तिनं हेडफोन चढवले.

ते माझ्याकडे पाहू लागले. बहुधा मी काही तरी बोलून हे थांबवावं असं त्यांना वाटत असावं. मी दारातली पायपुसणी ओढली आणि तिथंच खाली बसले. त्यांना बाहेर जायचं तर बाहेर सेहेचाळीस होतं आणि घरात थंड हवा फक्त त्या एका खोलीत होती. शेवटी ते तोंड फिरवून आडवे झाले. कुलरची हवा त्यांच्यावरून तिच्यावर येत होती. तिच्या डोक्यावरचा पदर उडून खांद्यावर आला, आणि दोन्ही हात की-बोर्डवर असल्यामुळे तो तिथंच राहिला. साडेचारच्या सुमारास शेवटची फाइल गेली.

त्या दिवसानंतर ती रोज दुपारी तिथं बसू लागली. नवरा दोनदा समजावून थकला. नामदेवराव त्या उन्हाळ्यात तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, जेवण झालं का तेही नाही, आणि तिची एकही फाइल उशिरा गेली नाही. तीन महिने संपले आणि कंपनीनं तिला कायम केलं.

जून संपता संपता पाऊस स्थिरावला आणि गावातले कुलर खिडक्यांतून निघून गच्च्यांवर गेले. मला आठवलं आणि मी तिला फोन लावला. म्हटलं, खिडकी मोकळी झाली असेल, आता मागच्या खोलीत पाचही दांड्या येतील, पाहून घे.

"पाह्यलं ना, ताई. येते पाचबी."

"मंग?"

"येऊ द्या. मी नाई जात मांगं."